निवांत रेडिओची पहिली धडक

सल्लागाराने तिसरी बशी भिंतीवर फोडली आणि छातीठोकपणे सांगितलं, "हा आपला नवा आवाज!"

मी तंत्रज्ञ. बटणं माझ्याकडे, अक्कल वरच्या मजल्यावर. रविवारपर्यंत आमचं रेडिओ केंद्र 'निवांत' होतं. संसारी माणसांची संथ गाणी, दवाखान्यात लावून विसरून जावीत अशी. सोमवारी ते 'धडक' झालं. आता दर गाण्यात ढोल आणि दर पंधरा मिनिटांनी काहीतरी फोडायचं, तेही थेट प्रक्षेपणात.

अडचण एकच, ताई. सकाळचं निवेदन बावीस वर्षं त्यांचं, आवाज सायीसारखा. साडेनऊपर्यंत ओरडता आलं नाही तर उद्यापासून येऊ नका, असं सल्लागाराने बजावलं होतं.

आणि ताईंना ओरडून चालणार नव्हतं. त्यांचे वडील अंथरुणाला खिळलेले, ओळख विसरलेले. लेक समोर बसली की "आपण कोण?" विचारायचे, घास थुंकायचे. रेडिओवर तो मऊ आवाज लागला की मात्र शहाण्यासारखे आ करायचे. सांभाळणारी बाई सव्वानऊला तेवढ्यात भरवून घ्यायची. दिवसभरात पोटात जायचं ते तेवढंच.

"श्रोतेहो," ताई म्हणाल्या, "आत्ताच एक बशी फुटली. कोणी अनवाणी असेल तर जपून."

"अहो, ओरडा! शेजाऱ्याशी भांडल्यासारखं!"

"आमचे शेजारी चांगले आहेत हो."

सल्लागाराने हातोडा उचलला आणि जुन्या तबकड्यांचं कपाट फोडायला घेतलं. काच उडाली. एक तुकडा माझ्या कपाळात घुसला, रक्त बटणांवर. मी बटणं पुसली. नोकरी ती नोकरी.

"सावकाश घ्या. घाई नाही," ताई म्हणाल्या. रोज सव्वानऊला म्हणायच्या. श्रोत्यांना वाटायचं, वाहतुकीबद्दल आहे.

तेव्हा सल्लागाराने त्यांच्या तोंडासमोरचा माइकच धरून ओढला.

ताईंनी त्याच्या दुसऱ्या हातातला हातोडा काढून घेतला, भाजीवाल्याकडून पिशवी घ्यावी तसा, आणि माइकवरच्या अंगठ्यावर हाणला. माइक सुटेना, म्हणून पुन्हा हाणला. हाड मोडल्याचा आवाज घरोघरी गेला. अगदी स्वच्छ, ते माझं काम.

"श्रोतेहो, सल्लागारांचा अंगठा मोडलाय," ताई तितक्याच हळुवारपणे म्हणाल्या. "नऊ वाजून सतरा मिनिटं."

त्यांनी ढोलाचं गाणं लावलं. ओरडण्याचं काम सल्लागाराने स्वतःच अंगावर घेतलं होतं.

वरच्या मजल्यावरून केंद्राचे साहेब धावत आले. "फोन थांबत नाहीयेत! ताई, आवाज हाच ठेवा. हे रोज जमेल?"

"माझ्याकडे दोनच आहेत," सल्लागार जमिनीवरून म्हणाला.

एक फोन ताईंच्या घरून होता. मी तो मोठ्या आवाजावर टाकला.

"ताई, आज अख्खं ताट संपवलं त्यांनी," सांभाळणारी बाई म्हणाली. "पण सारखं विचारतायत, ही बिचारी मारामारी का करतेय? हिला घरचं कोणी नाही का?"

ताईंनी हातोडा टेबलावर ठेवला.

"आहेत म्हणावं," त्या म्हणाल्या. "वडील आहेत. आत्ताच जेवले."