कुठे जोडून देऊ?

मित्रांनो, मी एक जुने क्रेडिट कार्ड आहे. माझ्या अंगावरचे उठावाचे आकडे घासून सपाट झाले आहेत आणि एक कोपरा वाकला आहे. तो मालकांच्या वजनाने वाकला. पाकीट मागच्या खिशात ठेवून त्यावरच बसायची त्यांना खोड आहे.

एका कारखान्यात प्लॅस्टिकच्या मोठ्या तावातून मला आणि माझ्या भावंडांना कापून काढले. मग मला एका पत्रावर चिकटवले, पाकिटात घातले आणि या घरी धाडले. घर तिसऱ्या मजल्यावरचे, दोन खोल्यांचे. मालक लिफ्ट दुरुस्त करतात, मालकीणबाई एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळतात. मालकांचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन एकमेकांना जोडून देण्याचे काम करून निवृत्त झालेले. आणि आजोबांची एकुलती एक नात, शाळेत जाणारी, आवाजाने इतकी मऊ की दोनदा विचारल्याशिवाय वर्गात हजेरीसुद्धा लागत नसे.

मला पहिल्या दिवसापासून एकच उत्सुकता होती. ही माणसे घेतात तरी काय? मी दुकानातल्या यंत्रात तोंड खुपसतो, यंत्र टुं करते, की लगेच परत अंधारात. घेतलेली वस्तू मला कधी दिसत नाही. म्हणून मी वासावरून ओळखू लागलो. औषधाचे दुकान लगेच कळे. कोरी पुस्तके कळत. पण पुढे पुढे कसलाच वास नसलेली दुकाने वाढली आणि माझी मती गुंग झाली. मालकही तितकेच गोंधळत असावेत. कारण महिनाअखेर बिल आले की ते मालकीणबाईंना विचारत, "हे काय घेतलं होतं गं आपण?" आणि त्या म्हणत, "मला वाटलं तुम्हीच घेतलंत."

बिलावर दोन रकमा असतात. एक पूर्ण आणि एक किमान. मालक किमान रक्कम भरत आणि बिल भरले असे समजून हात झटकत. उरलेले माझ्या पाठीवर तसेच राही.

एकदा बँकेचा निरोप आला. "अभिनंदन! आपली मर्यादा वाढवण्यात आली आहे." मालकांनी तो जेवताना सगळ्यांना वाचून दाखवला. आजोबांना तेव्हा बरे ऐकू येई. ते म्हणाले, "मर्यादा वाढली? बरं झालं. आता एकमेकांशी जरा हळू बोलाल." सगळे पोट धरून हसले. मर्यादा वाढली म्हणजे माणसाने स्वतःला अधिक आवरायचे, असा आजोबांचा समज. इथे मात्र ती साजरी करायला सगळे बाजारात गेले. घरातल्या बोलण्यावरून मला कळले, की एक वजनकाटा आला. त्यावर सगळे एकेकदा उभे राहिले आणि तो कपाटाखाली गेला. चाकांची मोठी बॅग आली, तिच्यात जुनी रद्दी जाऊन बसली. माझे मात्र कौतुक होई. "हे आहे म्हणून निभावतंय," असे मालक म्हणत आणि मी खिशात फुगून बसे.

दरम्यान आजोबांचे कान हळूहळू मिटत चालले होते. नात रोज शाळेतून आली, की त्यांच्या खुर्चीला टेकून दिवसभराचे सगळे सांगायची. आजोबा मान डोलवत. एके दिवशी ती म्हणाली, "आजोबा, मला कोणी खेळायला घेत नाही." आजोबा हसून म्हणाले, "वा वा, छान झालं." ती दप्तर उचलून आत गेली. दुसऱ्या दिवशी ती खुर्चीजवळ आलीच नाही. त्यानंतरही नाही. मी मालकांच्या खिशात होतो. त्यांनी हे पाहिले आणि कानाच्या डॉक्टरांना फोन लावला.

मग कानाचे डॉक्टर झाले, तपासणी झाली. मशीन लावले तर आजोबा पुन्हा नातीचे बोलणे ऐकू शकतील, असे डॉक्टर म्हणाले. मालकांनी मला मोठ्या ऐटीत बाहेर काढले. मी यंत्रात शिरलो. टुं झाले नाही. पुन्हा शिरलो. नाही. वाढवलेली मर्यादाही पाठीवरच्या उधारीने भरून गेली होती. काउंटरवरची बाई हलक्या आवाजात म्हणाली, "दुसरं कार्ड आहे का?" मित्रांनो, वजनकाट्याला मी चाललो, रद्दीच्या बॅगेला चाललो आणि आजोबांच्या कानाला चाललो नाही. मला फार वाईट वाटले. आजोबांना काही ऐकू गेले नव्हते. पण मुलाचा चेहरा वाचायला कान लागत नाहीत.

घरी आल्यावर नवराबायकोची तू तू मैं मैं सुरू झाली. आजोबांनी हात पुढे केला. "आण ते कार्ड इकडे. मर्यादा बँकेने वाढवली, आता पाळायची आपण. यापुढे ज्याला हवं त्याने माझ्याकडे मागायचं. कशाला हवंय ते मला ऐकू येईल असं सांगायचं."

तेव्हापासून मी आजोबांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात राहू लागलो. आणि खरी गंमत सुरू झाली. कोणी मागायला आले, की आजोबा कानामागे हात धरून एक्स्चेंजमधल्या सुरात विचारत, "कोण बोलतंय? कुठे जोडून देऊ?"

"बुटांच्या दुकानात!" मालक ओरडत.

"कुठे?"

"बुटांच्या! दुकानात!"

"पायात आहेत ते कुणाचे?"

तोवर समोरच्या दारातल्या मावशी जिन्यात येऊन उभ्या राहिलेल्या असत. दुसऱ्या दिवशी त्या मालकांच्या पायांकडे बघून विचारत, "मग, झाली का खरेदी?" मालकीणबाई नव्या पडद्यांसाठी एकदा ओरडल्या, दुसऱ्यांदा ओरडल्या आणि तिसऱ्यांदा "राहू द्या" म्हणाल्या. औषध, वाण्याचे सामान, शाळेची फी यांना मात्र एक हाक पुरे. हौस तिसऱ्या हाकेपर्यंत दमून जाई. आजोबांना नक्की किती ऐकू येत होते, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. पडद्यांच्या वेळी त्यांची छाती हसण्याने हलत होती, एवढे मी सांगू शकतो.

बिल आता पूर्ण भरले जाई. माझी पाठ हळूहळू मोकळी झाली. एका सुट्टीच्या दिवशी मालक आणि मालकीणबाई दारात उभे होते आणि नात आजोबांसमोर आली. ती आजवर माझ्यासाठी कधीच आली नव्हती.

"कार्ड हवंय!" ती ओरडली. तिचा एवढा आवाज घरात कोणी ऐकला नव्हता.

"कोण बोलतंय?"

"मी!"

"कुठे जोडून देऊ?"

"तुमच्याशी!"

आजोबांनी या वेळी पुन्हा "कुठे?" असे विचारले नाही. त्यांनी मला खिशातून काढले आणि तिच्या हातात दिले.

त्या दिवशी यंत्राने पहिल्याच झटक्यात टुं केले. आणि मी नातीच्या हातातच होतो, म्हणून विकत घेतलेली वस्तू जन्मात पहिल्यांदा मला दिसली. चिंचोक्याएवढे छोटेसे मशीन होते. ते आजोबांच्या कानात बसले. नात पुढे वाकली आणि तिच्या नेहमीच्या मऊ आवाजात काहीतरी बोलली. मला ते ऐकू आले नाही, मित्रांनो. आजोबांना आले.

आता माझी मुदत संपत आली आहे. नवे चकचकीत कार्ड येईल आणि मला कात्री लागेल. त्याला माझे एवढेच सांगणे आहे, आणि तुम्हालाही. काही घेण्याआधी, ते कशाला हवे आहे हे एकदा जिन्यात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगून पाहा. आणि घरात कोणी तुमच्याशी हळू बोलत असेल, तर त्याच्यासाठी थोडी जागा कार्डाच्या पाठीवर राखून ठेवा.

तुम्हाला वाटेल, आजोबांना आता स्पष्ट ऐकू येते, म्हणजे आमच्या घरातला ओरडा थांबला असेल. छे! कोणी कार्ड मागायला आले, की आजोबा आधी कानातले मशीन काढतात, खिशात माझ्याशेजारी ठेवतात आणि मग विचारतात, "हं, कोण बोलतंय?"