शून्याचा तोरा

लिफ्ट बनवणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे गळतीताई म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. लिफ्ट चालवणारा प्रोग्रॅम तिच्या हाताखालून जायचा. प्रोग्रॅम कामासाठी मेमरीत जागा मागून घेतो, आणि काम झालं की ती परत करायची असते. नाही केली तर घरातल्या कपांसारखं होतं. जो तो आपला कप खोलीत नेऊन ठेवतो आणि पाहुणे आले की कपाटात एकही सापडत नाही. हीच मेमरीची गळती. ती पकडायला ताईने कंपाइल करतानाच, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवतानाच, प्रोग्रॅममध्ये एक तपासनीस जोडून दिला होता. रोज सकाळी तो अहवाल द्यायचा, आणि गेली दोन वर्षं त्यात एकच आकडा येत होता. शून्य. ताईने तो शून्य कागदभर मोठा छापून टेबलामागे चिकटवला होता. माणसाला कशाचा तोरा असेल, काही सांगता येत नाही.

इमारतीमागच्या चाचणीच्या मनोऱ्यात वाळूची पोती घेऊन एक लिफ्ट अखंड वरखाली करायची. तीन महिन्यांपासून ती दर बाराव्या दिवशी दोन मजल्यांच्या मध्येच थबकायला लागली. जेमतेम अर्धं मिनिट. मग प्रोग्रॅम आपला आपण पुन्हा सुरू व्हायचा आणि लिफ्ट साळसूदपणे पुढे जायची. पोत्यांची काही तक्रार नव्हती. पण येत्या शुक्रवारी हाच प्रोग्रॅम एका इस्पितळाच्या लिफ्टमध्ये बसणार होता. पेशंटला ऑपरेशनच्या मजल्यावर नेणारी लिफ्ट. आणि "चालवायला हरकत नाही" या ओळीखाली सही ताईची लागणार होती.

बुधवारी साहेबांनी दोघांना बोलावलं, ताईला आणि मोटरवाल्याला. मोटरवाला म्हणजे विजेची बाजू सांभाळणारा जुना इंजिनिअर. तीन महिने खापर त्याच्याच डोक्यावर फुटत होतं.

"दोनदा केबल बदलल्या, ब्रेक बदलला," तो म्हणाला. "आता मलाच बदला. ताई, तुमच्याकडे एकदा बघा की."

"माझा अहवाल शून्य आहे," ताई म्हणाली. "नाचता येईना अंगण वाकडं असं नका करू."

मोटरवाल्याने आपली फाईल उचलली. ताईला त्याचं थोडं वाईट वाटलं, पण शून्य म्हणजे शून्य.

गुरुवारी सकाळी ती घरून निघाली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि चष्मा राहिला म्हणून परत फिरली. दार उघडून पाहते तर सासरे इस्त्रीचं बटण बंद करत होते. इस्त्री चांगली तापलेली होती. ती बंद करून ते न्हाणीघरात गेले, गीझर बंद केला, मग तिच्या खोलीची खिडकी लावून घेतली. सगळं सवयीने, देवळात प्रदक्षिणा घालावी तसं.

"बाबा, आज इस्त्री राहिली वाटतं माझी?"

"आज?" बाबा म्हणाले. "रोज राहते."

ताई बघतच राहिली. गेल्या दोन वर्षांत आपण एकही गोष्ट विसरलेलो नाही, असं ती मैत्रिणींना सांगत होती. कारण घरात तिला कुणी टोकलंच नव्हतं.

"मग मला कधी बोलला नाहीत ते?"

"तूच म्हणालीस ना. मागे तुझं ते मोठं काम चाललं होतं तेव्हा. 'बाबा, आठवडाभर मला काहीही सांगू नका.' बरं म्हटलं." ते खुर्चीत बसले. "'आता सांगा' असं कुठे म्हणालीस नंतर?"

ताईने चष्मा घेतला आणि जिना उतरली. दुसऱ्या वळणावर तिचा पाय थांबला. असंच तिने आणखी कुणालातरी गप्प बसवलं होतं.

ऑफिसात पोचल्यावर पर्स खांद्यावरून न काढताच तिने प्रोग्रॅमचा एक जुना भाग उघडला. लिफ्टमधल्या पडद्यावर आकडे दाखवणारा कोड बाहेरून विकत आणलेला होता. तो सुरू होताना थोडी जागा घ्यायचा आणि कधीच परत द्यायचा नाही. एकदाच घ्यायचा, त्यामुळे धोका नव्हता. पण तपासनीस रोज त्यावरून बोंब मारायचा. म्हणून ताईने त्या कोडच्या आधी एक ओळ घातली होती, "हाताची घडी, तोंडावर बोट", आणि नंतर दुसरी, "आता बोल". या दोहोंच्या मध्ये मागितलेली जागा तपासनीस हिशेबात धरायचा नाही. मात्र मध्येच आणखी एक ओळ होती. पडदा सापडला नाही तर इथूनच मागे फिर. आणि ज्या टेबलावरच्या संगणकावर तपासनीस चालायचा, त्याला लिफ्टचा पडदा जोडलेलाच नव्हता. दोन वर्षं प्रोग्रॅम रोज तिथून मागे फिरत होता. "आता बोल" ही ओळ कधी आलीच नाही.

तिने मागे फिरायच्या ओळीआधी "आता बोल" घातलं, पुन्हा कंपाइल केलं आणि चालवून पाहिलं. अहवाल पाच पानं आला. सगळ्यात वर होती दाराची नोंद. दार उघडलं की प्रोग्रॅम एक छोटी नोंद करायचा आणि तिची जागा परत द्यायचा नाही. बाराव्या दिवशी मेमरी भरून जायची आणि लिफ्ट थबकायची. नोंदीचा तो कोड तीन महिन्यांपूर्वी ताईनेच लिहिला होता.

तिला लाज वाटली. पण खोटं कशाला सांगा, त्याहून जास्त हायसं वाटलं. ती पाचही पानं घेऊन साहेबांकडे गेली आणि जाताना मोटरवाल्यालाही हाक मारून घेतली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "दुरुस्त केलीय. पण उद्या सही करणार नाही. मनोऱ्यातली लिफ्ट तेरावा दिवस ओलांडू दे."

"इस्पितळाची तारीख हुकेल," साहेब म्हणाले.

"हुकू दे. लिफ्टमध्ये पेशंट असेल, पोती नाहीत."

साहेबांनी इस्पितळाला कळवायला फोन उचलला. बाहेर आल्यावर ताईने मोटरवाल्याची माफी मागितली.

"राहू द्या हो," तो म्हणाला. "केबल मात्र झकास झाल्या."

बारावा दिवस गेला, तेरावाही गेला. लिफ्ट वरखाली करत राहिली. चौदाव्या दिवशी ताईने सही केली आणि तो शून्याचा कागद भिंतीवरून काढून घरी नेला.

"बाबा," तिने कागद उलटा करून त्यांच्यापुढे ठेवला. "आता सांगत जा मला. मागचं राहिलेलंही सांगा."

बाबांनी चष्मा पुसला, पेन शोधलं आणि जेवणाची वेळ होईपर्यंत लिहीत बसले. इस्त्री, गीझर, खिडकी. चपला उंबऱ्यात काढतेस. औषधाची गोळी अर्धीच घेतेस. पाठीचं दुखणं लपवू नकोस, चालीवरून कळतं. कागद भरला तेव्हा अगदी खाली, बारीक अक्षरात लिहिलं होतं: सकाळी चहा एकटी पितेस. मी जागाच असतो.

ताईने ती ओळ दोनदा वाचली. तिचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहाचे दोन कप भरले. गप्पांत उशीर झाला, धावतपळत ती निघाली, आणि जिन्यात बाबांचा आवाज तिच्यामागे आला, "सूनबाई, इस्त्री."

ती हसत वर आली.