बारा रोमन शिपायांच्या बाह्या

बोरीवलीला आमच्या दुकानामागे चर्च आहे. तिथल्या मैदानावर दरवर्षी गुड फ्रायडेच्या आधी येशूच्या दुःखसहनाचं नाटक होतं. त्यातल्या बारा रोमन शिपायांचे कपडे सतरा वर्षांपूर्वी आम्ही शिवले आणि तेव्हापासून ते आमच्याच माळ्यावर असतात. आम्ही बौद्ध. पण शिवणाचं दुकान आमचंच सगळ्यात जवळ, म्हणून काम आमच्याकडे आलं. माझी बायको लता कापड बेतायची, मी मशीन चालवायचो. बाही मात्र तीच बसवायची. माझी बाही खांद्यात ओढल्यासारखी बसते.

लता ऑगस्टमध्ये गेली. तापाचं निमित्त झालं, आठवडाही लागला नाही.

फेब्रुवारीत शॅरन मिस दुकानात आल्या. त्या कॉलेजात इतिहास शिकवतात. यंदाचं नाटक त्या बसवणार होत्या. मी कपड्यांची पेटी माळ्यावरून काढून दिली. त्यांनी एक अंगरखा उचलला, बाही हाताने लांब केली, खालची पँट बघितली आणि हसल्या.

"काका, हे शिपाई चुकून पुढचे आलेत."

"म्हणजे?"

त्यांनी टेबलावर पाच चित्रं मांडली. पहिल्यात येशूच्या काळचा शिपाई. गुडघ्यापर्यंत अंगरखा, हात कोपरापासून उघडे, पाय उघडे, पायात खिळे मारलेल्या वहाणा. दुसऱ्यात शंभरेक वर्षांनंतरचा. त्याला गुडघ्याच्या जरा खाली येणारी तंग विजार आली होती. थंड मुलखात राहून तिथल्या लोकांचं बघून घेतलेली, असं मिस म्हणाल्या. आधी रोमन लोक पँट घालणाऱ्याला जंगली म्हणत. मग पुढच्या चित्रांत विजार घोट्यापर्यंत गेली, बाही मनगटापर्यंत आली, वहाणेच्या जागी बंद बूट आले.

"आपले शिपाई ह्या शेवटच्या चित्रातले आहेत. तीनशे वर्षं पुढचे."

मला पहिलं चित्र आवडलं. दोन चौकोनी तुकडे कडेने जोडायचे, डोकं आणि हात जायला जागा ठेवायची, कमरेला पट्टा बांधून वर ओढून घ्यायचं. बेतायला काही नाही, चिंधी वाया नाही. आमचे पहिल्या सहा वर्षांचे अंगरखे असेच होते. हे मी मिसना सांगितलं नाही.

"थंडीच्या मुलखातून बदली होऊन आले असतील ना इथे," मी म्हणालो.

"एप्रिलमध्ये? जेरुसलेमला?"

"मग डास असतील. मैदानात फार डास आहेत."

"काका, येशूला क्रूसावर द्यायला आलेत ते. ओडोमॉस लावून येतील." मिस उठल्या. "बाह्या काढा, पँट नको. प्लीज हां."

मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही.

खरं कारण डास नव्हतं. डासांचं लताने तेव्हाच्या फादरना सांगितलं होतं. येशूला चाबूक मारायला चर्चमधली मुलं तयार व्हायची नाहीत, म्हणून शिपाई शेजारच्या जिममधून आणायचे. चौदा वर्षांपूर्वी त्यांत ओजस आला. सतरा वर्षांचा, आमच्याच गल्लीतला. माप द्यायला उभा राहिला आणि गुडघ्याखाली टेप लावू देईना. लताने मला चहा आणायला पाठवलं. परत आलो तेव्हा तो गेला होता. लता म्हणाली, "पायावर कोड आहे त्याच्या. बाराही जणांना विजार करायची. एकट्याला केली तर सगळे त्याच्याकडेच बघतील. आणि तू कुणाला बोलायचं नाही."

त्या वर्षी गुडघ्याखालपर्यंत विजार केली. पुढच्या वर्षी डाग घोट्यापर्यंत उतरले, पँट पूर्ण केली. मग पावलांवर आले, तेव्हा लताने वहाणा काढून रेक्झिनचे बूट करून घेतले. चौथ्या वर्षी हातांवर आले आणि बाह्या लागल्या. चोवीस बाह्या तिने दोन दिवसांत बसवल्या. रोमन सैन्याला जे करायला तीनशे वर्षं लागली ते आमच्याकडे चार वर्षांत झालं. ओजस एकही वर्ष चुकला नाही. आता तो एकतीसचा आहे, एका लॅबमध्ये नोकरीला आहे.

मिस गेल्यावर मी आठ दिवस कपड्यांना हात लावला नाही. त्यांचे दोन फोन आले. दुसऱ्यात त्या म्हणाल्या, जमत नसेल तर भाड्याने आणते. भाड्याचे आले तर ओजसचे पाय उघडे पडणार, हे मला दिसत होतं. मी ओजसला फोन करून रविवारी दुपारी बोलावलं.

तो आला. मी शटर अर्धं ओढलं.

"काय रे काका, कोणाला मारायचंय का?"

"बस. यंदाच्या मिस पँट आणि बाह्या काढायला सांगतायत. मी अजून हो म्हटलेलं नाही. तू पाय मुरगळलाय असं सांग. मी तुला पायाला गुंडाळायला पट्ट्या करून देतो, त्या काळी असायच्या तशा. हाताचं काहीतरी बघू."

तो स्टूल ओढून बसला.

"काका, मी तीन वर्षं रोज नॅशनल पार्कात हाफ पँटवर पळतो."

"कधी?"

"सकाळी सहाला. तू झोपलेला असतोस. मावशी यायची ना चालायला, तिला रोज दिसायचो."

लता हे मला कधी बोलली नव्हती. कुणाला सांगायचं नाही हे तिने मलाही धरून पाळलं असणार.

"मग पेटीतले हे कपडे?" मी विचारलं.

"गेल्या वर्षी मी तिला म्हटलं, मावशी, आता काढ बाह्या, मरणाचं गरम होतं. ती म्हणाली, यंदा वेळ नाही, पुढच्या वर्षी काढते."

मला बरं वाटायला हवं होतं. लगेच वाटलं नाही. चौदा वर्षं सांभाळलेली गोष्ट ज्याची होती त्याने कधीच खाली ठेवली होती, आणि मी तिच्यासाठी मिसशी भांडत होतो. मग लताचे शब्द परत ऐकू आले. पुढच्या वर्षी काढते. म्हणजे हे काम तिच्याकडे आलेलं होतं, आणि राहिलं होतं.

मी पेटी ओढली.

"ब्लेड देऊ?" ओजसने विचारलं.

"नको. ब्लेडने कापड कापलं जातं. सुईने एकेक टाका उचलायचा."

बाही उसवायला मला वेळ लागला. लता पक्की बसवायची, दोनदा मशीन मारून. आतल्या बाजूला, शिवणीत दडलेलं कापड अजून गडद लाल होतं, बाहेरचं विटलेलं. त्यामुळे बाही निघाल्यावर खांद्याभोवती बोटभर गडद पट्टी उरली. दुमडायला तेवढी पुरे होती. चार अंगरखे माझे झाले तेव्हा ओजसने एक संपवला होता. तो त्याचाच होता, गळ्यात आत लताने दोऱ्याने त्याचं नाव घातलेलं.

त्याने शर्ट काढून तो घातला, पँट गुडघ्याच्या वर दुमडली. कोपरापासून मनगटापर्यंत आणि नडग्यांवर पांढरं पसरलेलं होतं. मी पहिल्यांदाच नीट बघितलं.

"कसा दिसतो?"

"खांद्यात बरा बसलाय."

"चहा सांगून येतो," म्हणत तो शटरखालून वाकून तसाच बाहेर गेला. मी सुई ठेवून बघत राहिलो. कोपऱ्यावर चहावाल्याने त्याला वरून खालपर्यंत बघितलं.

"काय शेठ, शूटिंग कुठाय?"

"मागे, चर्चमध्ये. दोन कटिंग."

चहावाल्याने आलं ठेचायला घेतलं. ओजस तिथेच फुटपाथवर पाय सोडून बसला. मी शटर पूर्ण वर केलं, उजेड हवा होता, आणि सहावा अंगरखा घेतला.