बिननंबरचा चष्मा

"बाबा, नितेशदादाले हे इंजेक्शन असतं, तर त्याचंबी असंच लपवलं असतं का?"

हा प्रश्न विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. गावात माझं गुपित त्या दोघींनाच ठाऊक. त्यांना वाटलं, प्रणालीची छाती होणार नाही. अगं, माझ्या छातीचंच तर सगळं होतं!

बाबांचा घास हातातच राहिला. दादा ताटात बघत बसला. आई म्हणाली, "जेवू दे वं त्यायले."

लहानपणी माझा घसा धरायचा, ताप यायचा, मग एकेक गुडघा सुजायचा. डॉक्टर म्हणाले, दुखणं हृदयाच्या झडपेपर्यंत पोचलंय. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन, चुकवायचं नाही. तेव्हापासून बाबा मला काळीपिवळी जीपमध्ये कोंबून अकोल्याला नेतात. गावाला सांगायचं, चष्म्याचा नंबर काढायला. इतके नंबर काढून चष्मा कुठाय, असं एका म्हातारीनं विचारलं, तर बाबांनी साध्या काचेचा चष्मा आणून माझ्या नाकावर बसवला. पोरीचं हृदय दुखतं हे कळलं की सोयरीक येत नाही ना!

यंदा बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि गावच चवताळलेलं. गावच्या आशा सेविका माणिकबाई चार बायांना घेऊन लेकरांचे घसे बघत दारोदार फिरल्या, तर लोकांनी दारं लावली. बाबांनी तर अंगणातूनच हाकललं, आमच्या घरी कोणाले काही नाही म्हणून. तरी त्या बायांनी शाळेत डॉक्टर बोलावले, इंजेक्शनची सोय केली. पहिल्या खेपेला एकही लेकरू आलं नाही. डॉक्टर चहा पिऊन गेले.

आणि आज शेजारच्या हलीमाकाकू उज्माच्या गुडघ्याला तेल चोळताना दिसल्या. उज्मा तिसरीत आहे. मागच्या आठवड्यात उजवा गुडघा होता, आज डावा. मी म्हटलं, माणिकबाईंना दाखवा. काकू फणकारल्या, "ते बाई पोरीयले बदनाम करते. गावात हाय का असं एक तरी लेकरू? दाखव बरं."

मी चष्मा सावरला आणि घरी आले. तेव्हापासून स्वतःचाच राग येत होता.

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. "तोंड लय चालून राह्यलं तुवं," एवढंच म्हणाले. "उद्या सकाळी अकोल्याच्या गाडीत बसायचं. बस."

मी चष्मा काढून भाकरीच्या टोपल्याजवळ ठेवला. बाबांनी तो उचलला, सदऱ्याच्या टोकानं काचा पुसल्या आणि माझ्यापुढं धरला. बराच वेळ धरून होते. मी घेतला नाही.

"आई, बाबा, उद्या डॉक्टर शाळेत येऊन राह्यले. मी तिथंच रांगेत बसून इंजेक्शन घेणार, उज्माले संगं नेणार. अन् आता हलीमाकाकूकडे चालली, माहे गुडघे कसे सुजत होते ते सांगाले."