कुरडयांशेजारी माती

मी गच्चीवर पाऊल टाकलं. कुरडयांच्या शेजारी, आईच्या जुन्या साडीवर, निलगिरी डोंगरातून आणलेली माझी माती ऊन खात पडली होती.

"फ्रिजमध्ये ओलीगच्च होती गं. बुरशी धरली असती," आई म्हणाली. "दोन दिवस दाखवलंय ऊन."

श्यामलाबाईंच्या, म्हणजे माझ्या आईच्या, राज्यात उन्हाळ्यात ओलं काही शिल्लक राहत नाही. बिबवेवाडीतली अख्खी सोसायटी वाळवणाचं तिलाच विचारते, तिला अडवणार कोण?

उद्या माझे मार्गदर्शक दिगंबर सर ती माती चिमटीत दाबून बघणार होते. ओली असली की ती लोण्यासारखी सरकते. ज्वालामुखीच्या राखेची माती अशी वागते, पण त्या डोंगरात ज्वालामुखी नाहीच. तिथे थंडी, पाऊस, धुकं. पाला सावकाश कुजतो आणि झिजलेल्या खडकातलं ॲल्युमिनियम त्याला घट्ट धरून बसतं. हजारो वर्षांनी राखेशिवायच तशी माती होते, असं माझ्या तपासण्यांतून निघालं होतं. "अशक्य. मोजमाप चुकलंय तुमचं," सर सगळ्यांसमोर म्हणाले होते. उद्या पटलं नाही, तर माझा प्रबंध बाद.

"त्यात काय एवढं? भिजव की," म्हणत आईने पाण्याचा मग मातीवर उपडा केला.

पाणी ओघळून गेलं. दाणे रव्यासारखे मोकळेच राहिले. तिने मळलं, आणखी पाणी घातलं, पुन्हा मळलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने वाळवलेलं काही भिजलं नाही, असं आजवर झालंच नव्हतं.

"काय गं ही माती?"

"एकदा वाळली की पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. राखेच्या मातीचं असंच..." मी बोलता बोलता थांबले.

कढीपत्त्याच्या कुंडीतलं वाळकं ढेकूळ काढून त्यावर पाणी ओतलं. लगेच चिखल. पुण्याची माती, अस्सल लाव्ह्याच्या दगडातली, आणि तिला हा गुण नाही.

"मी वाटोळं केलं ना तुझं?" आई रडवेली झाली.

"नाही गं, पुरावा दिलास. उद्या कॉलेजात चल माझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी सरांनी दोन्ही मातींच्या वाट्यांत स्वतः पाणी ओतलं. पुण्याची माती भिजली. माझी मळूनही भिजेना. सरांनी चिमूटभर उचलून दाबली; दाणे मोकळेच.

"मोजमाप बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले. "वाळवली कुणी?"

"मी," आई माझ्या पाठीमागून म्हणाली. "कुरडयांबरोबर."

सरांनी आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. मला कुणी बस म्हटलं नाही.