छातीवरची दुहेरी गाठ

मी दारामागच्या खिळ्यावरची पिशवी. चंदेरी रंगाची, सहज पेट न घेणाऱ्या कापडाची, पाठीवर अडकवायची. आजवर मी गप्प होते. पण सादाए शेवटची घरात आली तेव्हा काय झालं, ते माझ्याशिवाय कुणीच पाहिलेलं नाही. म्हणून आज बोलतेय.

मला इवाओंनी आणलं. जपानच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका खाडीत त्यांची कालवांची शेती होती. त्यांच्या आजोबांच्या पिढीतली निम्मी माणसं भूकंपामागून आलेल्या एका लाटेत गेलेली. त्यामुळे ‘लाट आली तर’ हे शब्द इवाओंच्या तोंडी सारखे असत. माझ्यात पाणी, कडक बिस्किटांचा डबा, रेडिओ, शिट्टी, बँडेज. आतल्या झाकणावर त्यांच्या ठसठशीत अक्षरातली यादी.

दर वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला, देशभर संकटाच्या तयारीचा दिवस पाळतात तेव्हा, मला चटईवर उपडं करत.

“अगं, रेडिओचे सेल कुठे गेले?”

“तुमच्या त्या दुसऱ्या रेडिओत. काल बेसबॉल कशावर ऐकलात?” सादाए, त्यांची बायको, स्वयंपाकघरातूनच ओरडे.

मुदत संपत आलेली बिस्किटं त्या दिवशी चहाबरोबर संपवायची. बिस्किटांबरोबर डब्यात येणारे खडीसाखरेचे खडे मात्र सादाए आधीच लांबवायची.

मग कवायत. इवाओ घड्याळ घेऊन उभे राहत. सादाएनं मला पाठीवर घ्यायचं, पट्टे ओढायचे, पुढची दोरी छातीवर आणून दुहेरी गाठ मारायची. एकेरी मारली की संपलंच.

“पाण्यात सुटली म्हणजे? परत मार.”

“अहो, तुमच्या या गाठींपायी आधी माझाच जीव सुटेल!”

दोघंही हसत. मीही हसत असे तेव्हा. देवा, काय हसत होतो आम्ही!

घराचा नियम एकच होता: पिशवी घेतल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही.

मुलगा कात्सुमी मोठ्या बोटीवर कामाला. सुट्टीवर आला की देशोदेशीच्या गोष्टी सांगायचा. एका थंड देशात म्हणे लोक तळघरात वर्षभराचं धान्य भरून ठेवतात, आणि दुसऱ्या एका बंदरात वादळाची सूचना आली की ‘सरकार बघून घेईल’ म्हणत दारूच्या गुत्त्यात जाऊन बसतात. “सरकार काय यांना कडेवर घेणार आहे?” इवाओ फिस्कारत.

त्याच कात्सुमीनं लूझला लग्न करून आणलं. ती फिलिपाइन्सची, वादळांच्या बेटावर वाढलेली. पहिल्या सप्टेंबरला माझा पसारा पाहून ती तोंडावर हात ठेवून उभीच राहिली.

“बाबा, आमच्याकडे असलं काही बांधत नाहीत. संकटाला वाटतं, आपल्याला बोलावलंय.”

“मग पाणी आलं की करता काय?”

“बोंब मारतो. शेजारी धावतात. कुणी आजीला उचलतं, कुणी डुकराला.”

“आणि नंतर खाता काय?”

“डुकराला.”

सादाए हसून हसून चटईवर कलंडली. इवाओ रागावून अंगणात गेले, पण त्यांचेही खांदे हलत होते. सासू-सुनेची गट्टी जमली ती त्या दिवशी.

आता जे सांगायचंय ते पटकन सांगते, नाहीतर धीर होणार नाही.

फेब्रुवारीत लूझनं भिजलेला कोट माझ्या खिळ्यावर टांगला आणि मला आत देवघराच्या खोलीत कपाटात ठेवलं. “आई, पिशवी कपाटात ठेवलीय हं.” “राहू दे तिथेच,” सादाए म्हणाली. इवाओंना कुणी सांगितलं नाही.

मार्चमधली दुपार. बाहेर बर्फ भुरभुरत होता. जमीन हलायला लागली ती थांबेचना. कपाटाचं दार उघडलं, ताटल्या फुटल्या, देवघरातली घंटा खाली पडली. लूझनं सासूचा हात धरला आणि तिला देवळाच्या टेकडीकडे ओढत नेलं. पुढचं मला लूझच्याच तोंडून कळलं. निम्म्या पायऱ्या चढल्यावर सादाए थबकली.

“पिशवी राहिली गं! हे ओरडतील.”

“आई, खड्ड्यात गेली ती पिशवी!”

पण सादाएनं हात सोडवून घेतला. तीस वर्षांची सवय होती ती.

दार उघडल्याचं मी ऐकलं. आणि मग, काय सांगू, तिनं बूट काढले. आत यायचं म्हणजे बूट काढायचे, हे अंगात इतकं मुरलेलं. काढून तिनं ते नीट जोडून, टोकं दाराकडे करून ठेवले. टक, टक. मग थेट कपाटाकडे आली. एक क्षणही शोधलं नाही तिनं मला. पाठीवर घेतलं, पट्टे ओढले, दोरी छातीवर आणली. पहिली गाठ सैल बसली. तिनं ती सोडली. परत मारली, दुहेरी. मग उंबरठ्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधल्या. ती उठली तेव्हा गल्लीच्या टोकाशी काळं पाणी आलं होतं.

मी सुटले नाही. इतकी घट्ट होती गाठ.

इवाओ त्या वेळी बोटीवर होते. बोट खोल समुद्रात, जिथे लाट उंच होत नाही तिथे, नेली म्हणून वाचले. तीन आठवड्यांनी सादाए सापडली, पाठीवर मी. दोरी सुटेना, तेव्हा कालवं उघडायच्या सुरीनं इवाओंनी ती कापली. गाठ त्यांनी खिशात टाकली आणि तंबाखूच्या डबीत जपून ठेवली. जुनं घर वाहून गेलं होतं; मला धुतलं, वाळवलं आणि भराव घालून उंच केलेल्या जमिनीवरच्या नव्या घरात पुन्हा खिळ्यावर टांगलं.

तेव्हापासून जमीन जराशी हलली तरी मला तो आवाज ऐकू येतो. उंबरठ्यावर कुणीतरी बूट जोडून ठेवल्याचा. टक, टक.

लूझ या घरातच राहिली. कात्सुमी बोटीवर, घरात ही दोघं. रोज सकाळी ती सासूच्या फोटोसमोर भात ठेवी आणि पुटपुटे, “आई, मी पिशवी हलवली नसती तर तुम्हाला शोधत बसावं लागलं नसतं. माफ करा.” मागे इवाओ बसलेले असत. ते काही बोलत नसत. ती बाजाराला गेली की मात्र डबी काढून गाठ हातात धरत. राग यायचा मला त्यांचा! त्यांना सगळं कळलं होतं. पण सुनेच्या डोक्यावर ते ओझं होतं तोवर त्यांच्या डोक्यावर येत नव्हतं.

बारा वर्षं अशी गेली. मग एका सप्टेंबरला लूझ पहिल्यांदाच माझ्यात नवीन बिस्किटं भरत होती.

“बाबा, दोरी तुटकी आहे. नवी घालू?”

इवाओ उठले. डबी आणून त्यांनी तिच्यापुढे उघडली.

“तिची गाठ आहे ही. बघ, दुहेरी. मी शिकवली तश्शी. पिशवी शोधून शोधून घाबरलेल्या बाईला अशी गाठ मारता येते का? तिला पिशवी लगेच मिळाली होती, लूझ. वेळ गेला तो या गाठीत. आणि ती मागे फिरली ते माझ्या धाकानं.”

“कधीपासून माहीत होतं?”

“दोरी कापली तेव्हापासून.”

“बारा वर्षं, बाबा? रोज माझ्या हातचं जेवलात तुम्ही!”

लूझ पाय आपटत बाहेर निघून गेली. मला वाटलं, आता ही काही परत येत नाही. संध्याकाळी आली, भात लावला, दोन वाट्या वाढल्या आणि तीन दिवस एक अक्षर बोलली नाही. चौथ्या दिवशी तिनं माझ्या झाकणावरची यादी खोडली आणि पट्ट्याला खटकन बसणारं बकल शिवलं.

“आता नियम माझा. जाता जाता हाताला लागली तर पिशवी घ्यायची. राहिली तर राहिली. मागे वळायचं नाही. कळलं का, बाबा?”

“कळलं.”

आणि आत्ता, हे सांगतेय तेव्हा, भोंगा वाजतोय. घर चांगलंच हललं. लूझनं म्हाताऱ्याचा हात धरला. बूट घालायला ते वाकले तशी ती ओरडली, “बाबा, मोज्यांवरच चला!” दारात त्यांचा दुसरा हात माझ्याकडे आला, पट्ट्याला लागला, बोटं मिटली. लूझ पुढे ओढत होती. त्यांनी मला सोडलं.

गेली दोघं. टेकडीच्या वाटेवर लूझचं ओरडणं लांब लांब जातंय. दार उघडंच आहे. बूट जागच्या जागी आहेत. घरात कुणी नाही, आणि मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

टक.

टक.

सादाए, बूट काढू नकोस गं. मी इथेच बरी आहे. तू जा.