पाठमोरा रामराम

सोमाजीनं मान न वळवता उजवा हात खांद्यावरून मागं नेला आणि मोटार सुटता सुटता मागच्या दारानं चढलेल्या माणसाला पाठमोराच रामराम घातला. शेजारी बसलेले मालक भैयाजी खाकरले. हात मुकाट स्टेरिंगवर परतला.

म्हातारं माणूस बोललं की त्याच्या तोंडाकडं पाहून उत्तर द्यायचं, हे सोमाजी बैलगाडीवर शिकला होता. तेवढा वेळ बैल रस्ता सांभाळत. मोटारीनं मात्र चौपन्न सालच्या पोळ्याला, एका आजीबाईच्या गुडघ्याची चौकशी चालू असताना, सरळ धानाच्या चिखलभरल्या बांधीत उडी घेतली. कुणाला खरचटलंही नाही. गुडघा तर, आजीबाईच्या मते, सुधारला. पण भैयाजींनी निक्षून सांगितलं : चालत्या मोटारीत पुन्हा मागं पाहिलंस, तर पुन्हा बैल हाकायचे.

आणि आता चढला होता रामाजी, त्याचा व्याही. सोमाजीची लेक मैना पहिलटकरीण. नदीला पूर आला आणि ती सासरीच अडकली. पंधरा दिवस काही खबर नव्हती.

"इवाई, मैना कशी हाये जी?" सोमाजीनं समोरच्या काचेला विचारलं.

"बाळंत झाली," मागून आवाज आला, आणि थांबला. "पन मी पाठीले काऊन सांगू? तुमी तं मले तोंडबी दाखवून नाई राह्यले."

मोटारीतल्या बावीस माणसांनी माना पुढं काढल्या. कुणीतरी मांडीवरच्या कोंबड्याची चोच धरली.

सोमाजीची मान बोटभर वळली, भैयाजींपाशी अडली आणि सरळ झाली. पुढं सागाच्या जंगलातलं वळण होतं. ते त्यानं हळू, नीट काढलं. मग मोटार कडेला घेतली, इंजन बंद केलं आणि अख्खा मागं वळून बसला.

"आता सांगा."

रामाजीनं त्याचं तोंड पाहिलं आणि रुसवा विसरला.

"पोरगी हाये. दोघीबी बऱ्या हायेत. आठच दिवसाची, पन कोनाचा आवाज आला का मान वळवून पाह्यते. मैना म्हन्ते, आज्यावर गेली."

सोमाजी पाहतच राहिला. बराच वेळ.

भैयाजींनी एकदा त्याच्याकडं, एकदा उभ्या मोटारीकडं पाहिलं. मग सीटखालचं लोखंडी हँडल काढलं, खाली उतरले, धोतराचा सोगा खोचला आणि ते पुढून इंजनात घालून स्वतःच फिरवू लागले.

मोटार निघाली. सोमाजी नाकासमोर पाहत होता. मागच्यांना त्याचे फक्त कान दिसत होते. ते कान मूल गाव येईपर्यंत हसत होते.